खाशाबांचं वजन किती होतं?

1 ऑगस्ट 2024 ला फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं आणि तासाभरात सगळीकडे एकच आकडा फिरू लागला: 72 वर्षं. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. खाशाबांचे जुने फोटो फॉरवर्ड झाले, दोन दिवस स्टेटसवर राहिले आणि गेले.

तेवढ्या दोन दिवसांत अनेकांनी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारण्यासारखाच आहे. एवढ्या जुन्या गोष्टी उगाळून काय मिळतं? ज्यानं पदक मिळवलं त्याचं कौतुक करावं, पुढच्याची तयारी करावी. 1952 साली कोण कुठं जिंकलं, हे लक्षात ठेवून आजच्या पोराला काय उपयोग?

उपयोग आहे. पण तो हार घातलेल्या फोटोत सापडत नाही. त्यासाठी खाशाबांचं वजन किती होतं, असे रुक्ष प्रश्न विचारावे लागतात.

पहिलं पदक नक्की कुणाचं?

सुरुवात सोप्या वाटणाऱ्या प्रश्नापासून करू. ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक कुणाचं? वैयक्तिक म्हणजे संघानं नव्हे, एकट्यानं मिळवलेलं. शाळेतलं उत्तर खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या नोंदी उघडल्या की मात्र 1900 सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं दिसतात. ती नॉर्मन प्रिचर्डची, एक 200 मीटर धावण्याचं आणि दुसरं 200 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचं. प्रिचर्ड कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज. पुढे तो हॉलिवूडच्या मूकपटांत नट म्हणून गेला. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या आकडेवारीत हीच दोन पदकं ग्रेट ब्रिटनच्या खात्यावर टाकली गेली.

म्हणजे माणूस एक, शर्यती त्याच, आणि पदकं दोन देशांच्या नावावर. 1900 साली भारताची ऑलिम्पिक संघटनाच अस्तित्वात नव्हती, ती 1927 साली झाली. कुणी कुणाला पाठवलं, याचा कागद नाही. म्हणून आपण 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' अशी खबरदारीची शब्दयोजना करतो आणि खाशाबांचं नाव घेतो. ते बरोबरच आहे.

खेळातल्या नोंदींचं सातबाऱ्यासारखं असतं. जमीन जागची हलत नाही, पण उताऱ्यावर नाव कुणाचं लागलं, फेरफार कुणी केला आणि कुणी करायचा राहून गेला, यावर पुढच्या पिढ्यांचे वाद ठरतात. इतिहास आपोआप लक्षात राहतो, हा गैरसमज इथंच संपतो. कुणीतरी तलाठ्याचं काम केलेलं असतं, किंवा केलेलं नसतं.

शेवटच्या दोन कुस्त्या हरूनही ब्राँझ कसं?

हेलसिंकीबद्दल नवख्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न हा. खाशाबा शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरले होते. मग पदक?

त्या काळी ऑलिम्पिक कुस्तीत आजच्यासारखा उपांत्य फेरी, अंतिम फेरी असा सरळ जिना नव्हता. उणे गुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवून चीतपट केलंत तर उणे गुण शून्य. नुसत्या गुणांवर जिंकलात तर जिंकूनही एक उणे गुण तुमच्या खात्यावर. हरलात तर अर्थातच जास्त. पाच उणे गुण झाले की तुम्ही बाहेर. असं गळत गळत शेवटी तिघं उरले की त्यांच्या आपसात कुस्त्या लावायच्या आणि त्यावरून सोनं, चांदी, ब्राँझ ठरवायचं.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि शेवटच्या तिघांत जागा मिळवली. उरलेले दोघं जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममेदबेकोव्ह. दोघांशीही खाशाबा हरले. इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं गेलं, मध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो पुढे करून भांडायला भारताचा एकही अधिकारी मॅटजवळ नव्हता, असं सांगितलं जातं.

या पद्धतीत एक गंमत आहे. चीतपट करणाऱ्याला तिच्यात सरळ बक्षीस होतं. आपल्याकडे मैदानात जिला 'निकाली कुस्ती' म्हणतात, तिची सवय असलेल्या पैलवानाला हा नियम परका वाटला नसणार, असं मला वाटतं. खाशाबांचा हातखंडा डाव होता ढाक. आधी मान जखडायची आणि मग समोरच्याला उचलून जमिनीवर आणायचं. गुण मोजत बसणाऱ्याचा हा डाव नव्हे.

मॅट म्हणजे लाल माती नव्हे

चार वर्षं मागं जाऊ. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले होते. 52 किलोंच्या गटात सहावे आले. त्याआधी त्यांची मॅटशी ओळख जवळपास नव्हतीच. अमेरिकेचा माजी विजेता रीस गार्डनर यानं तिथं त्यांना शिकवलं.

ज्यांनी तालीम आतून पाहिली नाही त्यांना फरक कळावा म्हणून थोडं सांगतो. तालमीचा हौदा म्हणजे नुसता खड्डा नसतो. चाळलेली लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर. पोरं रोज फावड्यानं ती उकरतात, मळल्यासारखी मऊ करतात. या मातीत पाय रुततो, पकड दमानं घट्ट होत जाते, अंगाला माती लागली की घामाचा निसरडेपणा कमी होतो. जुन्या मैदानी कुस्तीला घड्याळ नव्हतं, दोन दोन तास खडाखडी चालायची. मॅटवर पाय सरकतो, बूट असतात, वेळ मिनिटांत मोजतात, आणि वर्तुळाबाहेर गेलात तरी हिशेब लागतो. तेच डाव, पण वेगळ्या वेगानं टाकावे लागतात.

लंडनमध्ये जे कळलं ते घेऊन खाशाबा परतले आणि चार वर्षांनी पाच किलो वरच्या गटात ब्राँझ घेऊन आले. हा प्रवास लिहून ठेवला, वाचला गेला असता, तर गावोगावच्या तालमींत मॅट यायला किती कमी वर्षं लागली असती, याचा विचार करून पाहा.

तिकिटाचे पैसे कुणी दिले?

कुठल्याही पदकामागं एक वहीखातं असतं. 1948 चा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. 1952 ला पैसे जमवायला खाशाबांना दारोदार फिरावं लागलं, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर 7000 रुपयांना गहाण ठेवलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या कमाईतून हे देणं फेडलं, असं कोल्हापूर-कऱ्हाडकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. गहाणखताची त्या मानानं कमी सांगितली जाते.

त्याहीआधीचं खातं पाहा. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातल्या स्पर्धांतून आणि सर दोराबजी टाटांच्या पुढाकारानं. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वा आला. कोल्हापूरचे रणधीर शिंदे ब्राँझसाठीच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि तिथं हरले.

राजा, उद्योगपती, प्राचार्य. प्रत्येक वेळी एखादा भला माणूस मदतीला धावून आला म्हणून जमलं. कायमची व्यवस्था कुठंच दिसत नाही. हे तीन प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय ही रीत लक्षात येत नाही. सुटं सुटं वाचलं तर तिन्ही नुसत्या भावुक कथा वाटतात.

आता वजन

हेलसिंकीत खाशाबा 57 किलोंच्या गटात खेळले.

त्यानंतर कुस्तीत भारताला पुढचं पदक मिळायला 56 वर्षं लागली. 2008 ला बीजिंगमध्ये सुशील कुमार, 66 किलो. 2012 ला पुन्हा सुशील, 66 किलो, आणि योगेश्वर दत्त, 60 किलो. 2016 ला साक्षी मलिक, 58 किलो. टोकियोत रवी दहिया, 57 किलो, आणि बजरंग पुनिया, 65 किलो. स्वप्नीलच्या पदकानंतर आठच दिवसांनी, 9 ऑगस्ट 2024 ला, अमन सेहरावत, 57 किलो.

पॅरिसपर्यंतची कुस्तीतली आठही पदकं ही एवढीच. त्यांतलं एकही 66 किलोंच्या वरचं नाही. तीन तर नेमक्या खाशाबांच्या आकड्यावर, 57 वर, आलेली आहेत.

आता महाराष्ट्राकडे वळा. आपल्याकडची सगळ्यात मोठी कुस्ती कुठली? कुणालाही विचारा, महाराष्ट्र केसरी. 1961 पासून चालत आलेली स्पर्धा. चांदीची गदा, मिरवणूक, अलीकडे चारचाकी गाडीसुद्धा. ही गदा मिळते वजनदार गटाला, साधारण 86 किलोंपासून पुढं. त्याच अधिवेशनात 57 किलोंच्या, 61 किलोंच्या कुस्त्याही होतात, पदकंही दिली जातात. पण त्या गटात गेल्या वर्षी कोण जिंकलं, हे कुस्तीचे शौकीन म्हणवणाऱ्या दहा जणांना विचारून पाहा.

जत्रेच्या मैदानाचं गणितही तसंच आहे. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात, मग पन्नास, शंभर असं इनाम चढत जातं, आणि हलगी घुमते ती एक नंबरच्या कुस्तीला. तिथं जोड लावतात नाव आणि अंगपिंड पाहून. लोक पैसे देऊन येतात ते डोंगराएवढे दोन पैलवान भिडताना पाहायला. त्यात गैर काही नाही, ती बघण्याची मजा वेगळीच आहे. पण चौदा-पंधरा वर्षांचा चपळ पोरगा वस्तादाकडे येतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर गदा असते, आणि गदेसाठी अंग वाढवावं लागतं. मग खुराक वाढतो, वजन वाढतं, आणि ज्या गटांत भारतानं आजवर ऑलिम्पिक पदकं जिंकली त्या गटांच्या तो पार पुढं निघून जातो.

गंमत म्हणजे हे सगळं खाशाबांच्या पहिल्याच आकड्यात दिसत होतं. 'पॉकेट डायनॅमो' म्हणायचे त्यांना. त्यांच्या नावानं आपण स्पर्धा भरवल्या, दिल्लीतल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव आलं, 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस 2024 पासून राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला. वजन मात्र कुणी पाहिलं नाही.

एका आकड्यावरून एवढा मोठा निष्कर्ष?

ही शंका रास्त आहे. वजन हे एकच कारण नक्कीच नाही. हरियाणात मॅट लवकर गावागावांत पोचल्या, पोलिसांत, रेल्वेत, सैन्यात नोकऱ्या मिळाल्या, प्रशिक्षक मिळाले. आपल्याकडून राहुल आवारेसारखा 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला सुवर्णविजेता आणि 2019 चा जागतिक ब्राँझविजेता निघालाच, आणि त्याचं राष्ट्रकुलचं सोनं पुन्हा 57 किलोंचंच. म्हणजे पोरं नाहीत असं अजिबात नाही. वजनाचा आकडा फक्त कुठं खोदायचं ती जागा दाखवतो. खोदायला प्रशिक्षक, डॉक्टर, आकडेवारीची माणसं लागणारच.

आणि नाही, यासाठी महाराष्ट्र केसरी बंद करायची गरज नाही. 57 किलोंच्या विजेत्यालाही तशीच मिरवणूक आणि गदा मिळाली तर काय बिघडेल, एवढंच विचारायचं.

जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायचंय का?

मुळीच नाही. इतिहास आठवायचा म्हणजे वाईटही आठवायचं. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणारा, चर्मकार समाजातला पळवणकर बाळू हा त्या काळातला भारतातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. संघाला तो हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. तेव्हा धर्मानुसार संघ असत, त्यांतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते 1923 साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. त्यासाठी आधी किती वाद आणि किती नकार झाले ते निराळंच. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, हाही त्याच आयुष्याचा भाग.

'खेळात जातपात नसते' असं कुणी सहज बोलून जातं तेव्हा या चहाच्या भांड्याची आठवण करून द्यायला हरकत नाही. गौरवाचा इतिहास आणि लाजेचा इतिहास असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत. बाळूचे बळी मोजायचे आणि त्याचा चहा विसरायचा, हे जमणार नाही.

सगळं नेटवर आहे की!

असा समज आहे खरा. नेटवर निकाल असतात, आणि तेही मुख्यतः जिंकणाऱ्यांचे. हेलसिंकीत खाशाबांबरोबर केशव माणगावेही होते, 62 किलोंच्या गटात. ते चौथे आले. पदक एका पायरीवर राहिलं. खाशाबांवर पानंच्या पानं सापडतात, माणगावेंवर चार ओळी मिळवताना नाकी नऊ येतात. वास्तविक एकाच भागातले दोन पैलवान एकाच ऑलिम्पिकमध्ये तिसरे आणि चौथे येतात, यातून तिथल्या तालमींबद्दल जे कळतं ते एकट्या ब्राँझवरून कळत नाही.

मुरलीकांत पेटकरांचंही तेच. 1965 च्या युद्धात जखमी झालेला सांगली जिल्ह्यातला हा जवान 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहला, 37.33 सेकंदांत, जागतिक विक्रमासह. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली. घराघरांत नाव पोचलं ते त्यांच्यावर सिनेमा आल्यावर, 2024 मध्ये. मधली 50 वर्षं माहिती कुठं लपलेली नव्हती. कुणी मागितली नव्हती.

बाळूबद्दल आज जे तपशील सांगता येतात त्यांतले बरेचसे उरले ते विठ्ठलनं मराठीत आपलं क्रीडाजीवन लिहून ठेवलं म्हणून. लिहिलं नसतं तर धावफलकावरचे आकडे उरले असते, चहाचं भांडं उरलं नसतं. धावफलक चहाची नोंद ठेवत नाही.

मग जपायचं काय?

ट्रॉफी आणि ब्लेझर सांभाळणं चांगलंच, पण ते सगळ्यात कमी बोलतात. जास्त बोलतात ती भिकार दिसणारी कागदं. जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, ज्यावर जोड, गाव आणि इनाम छापलेलं असतं. तालमीचं हजेरीपुस्तक. शाळेच्या संघाचा फोटो, पण मागं नावं लिहिलेला. वर्गणीच्या पावत्या, कारण पैसे कुणी दिले ते त्यातूनच कळतं. हरलेल्यांची नावं. आणि वस्तादांच्या तोंडी असलेलं सगळं. ते तर मोबाइलवर तासभर रेकॉर्ड करूनही होतं, फक्त त्यांना 'तुमच्या आठवणी सांगा' असं मोघम विचारू नका. कुणाशी कुस्ती लागली, किती इनाम होतं, जेवणाखाण्याचा खर्च कोण करायचं, दुखापत झाली तर कुठल्या हाडवैद्याकडे जायचात, हे विचारा. आणि लढताना वजन किती होतं, तेही लिहून घ्या.